रविवारचे दहा तास

"मॅडम, तुमचा बाजार उघडला का?"

ढेबेमामांनी म्हशीला खुंटीला बांधता बांधता खालून विचारलं. मी कातळावर मांडी घालून बसले होते आणि मोबाइल दोन्ही हातांनी छातीच्या उंचीला धरला होता. आख्ख्या पठारावर रेंज येणारी ती एकच जागा. दोन पावलं मागं सरकलं की गेली.

"अजून नाही, मामा. अकराला उघडतो."

"कोण उघडतं?"

"कोणी नाही. तो बंदच होत नाही कधी."

"मग अकराला उघडतो म्हणता ते?"

बाजार चोवीस तास चालू होता हे खरं होतं. त्यात रविवारी अकराच्या सुमारास येणारं गिऱ्हाईक एकच होतं, हेही खरं होतं.

याला तीन वर्षं होऊन गेली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केल्यावर मला साताऱ्याच्या पश्चिमेला एका पठारावर वारा मोजायची नोकरी मिळाली होती. तिथं पवनचक्क्यांची एक जुनी रांग होती आणि पलीकडच्या खडकाळ सड्यावर नवी रांग उभी करायची होती. त्याआधी वर्षभर वारा किती, कुठून आणि कुठल्या उंचीवर वाहतो हे नोंदायचं. शंभर मीटरचा एक मनोरा, त्यावर चार उंचींवर वेगमापक, खाली पत्र्याची एक खोली आणि खोलीत मी. शनिवारी जीप भाजी आणि पाण्याचे जार टाकून जायची. बाकीचे सहा दिवस बोलायला ढेबेमामा. ते मनोऱ्याचे राखणदार. त्यांचं घर खालच्या वस्तीवर होतं, पण दिवसभर म्हैस घेऊन वरच असायचे.

मामा कातळाला टेकून उभे राहिले. "आज मला समजावून सांगाच. आमचा पोरगा म्हनतो, ह्या मोबाइलच्या बाजारात लोकं बुडाली."

"बुडतात ना. पण हा आमचा लहानसा आहे. समजा, दोन हंडे आहेत. एकात डॉलर भरलेत, एकात टोकन. आमच्या टोकनचं नाव 'तास'. तुम्ही एका हंड्यात तास टाकले की दुसऱ्यातून डॉलर निघतात. डॉलर टाकले की तास निघतात."

"भाव कोण सांगतं?"

"हंडेच सांगतात. जो हंडा रिकामा होत जातो त्यातला माल महाग होत जातो."

"दुकानदार न्हाई?"

"नाही."

"मग दलाली कोन खातं?"

"हजाराला तीन. ज्यानं हंडे भरून ठेवले त्याला मिळते."

"कुनी भरले?"

"मी."

मामा खदाखदा हसले. "मग सरळ सांगा की, अडत्या हाय म्हनून! आनि गिऱ्हाइकं किती?"

"एक."

"एका गिऱ्हाइकापायी दर रविवारी एवढी दोन किलोमीटर चाल? लई मोठं गिऱ्हाईक दिसतंय."

तेवढ्यात पडद्यावरची ओळ हलली. अकरा वाजून बारा मिनिटं. दहा तास विकले गेले. विकणाऱ्याच्या वॉलेटच्या, म्हणजे या बाजारातल्या खात्याच्या, पत्त्यातली शेवटची चार अक्षरं मला पाठ होती.

"आलं," मी म्हणाले.

*

ते वॉलेट निशिगंधा माळीचं होतं.

'तास' आम्ही दोघींनी मिळून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्प म्हणून तयार केलं होतं. आमच्या वर्गात एकवीस जण. प्रत्येकाला शंभर तास वाटले. कुणी कुणाला एक तास शिकवलं, की शिकणाऱ्याच्या वॉलेटमधून शिकवणाऱ्याच्या वॉलेटमध्ये एक टोकन जायचं. वर्ष संपताना निशीकडे तीनशे जमले होते. त्यातले शंभर माझे. परीक्षेआधीचे दहा आठवडे, आठवड्याला दहा तास, तिनं मला क्वांटम मेकॅनिक्स शिकवलं होतं. रविवारची बैठक सगळ्यात मोठी असायची. सकाळी अकराला, ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात.

या तासांना बाजारभाव आला तर काय होईल, हे बघायची कल्पना माझी. विज्ञान मेळ्यात प्रकल्पाला तीस हजारांचं बक्षीस मिळालं होतं. निशीनं तिचे पंधरा हजार त्याच संध्याकाळी तासगावला घरी पाठवले, भावाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. मी माझ्या पंधरा हजारांचे दोनशे डॉलरचे टोकन घेतले आणि मालक नसलेल्या एका एक्स्चेंजवर, कुणालाही असा दोन हंड्यांचा साठा, म्हणजे पूल, उघडता येतो अशा ठिकाणी, दोनशे डॉलर आणि वर्गात न वाटलेले चारशे तास एकत्र ठेवले. म्हणजे एका तासाचा भाव पन्नास सेंट.

"अगं, हा तर बॉइलचा नियम आहे की!" निशी तेव्हा ओरडली होती. "दोन्हीकडच्या आकड्यांचा गुणाकार कायम. दाब आणि आकारमान! एक दाबलं की दुसरं फुगणार."

"पण प्रत्येक सौद्याला फी आत राहते. गुणाकार अगदी थोडा वाढतो."

"म्हणजे सिलिंडर गळका, पण उलटा. हवा आत येतीय." तिनं वहीच्या मागच्या पानावर आलेख काढला. असलं काही समजलं की तिचे कान लाल व्हायचे.

आमचं बिनसलं ते याच पूलवरून. शेवटचा पेपर झाल्यावर वसतिगृहाच्या फाटकाशी ती म्हणाली, "माझे तीनशे विकून टाकते आता."

"एकदम? भाव पन्नासवरून सोळा सेंटवर येईल. तुलाही दीडशे नाही, पंच्याऐंशी डॉलरच मिळतील."

"मिळू देत की. पंच्याऐंशी तर पंच्याऐंशी."

"आणि बाकीच्यांच्या तासांचं काय? प्रयोगाचं काय? सगळाच मोडेल, निशी."

"प्रयोग तुझा आहे. तास माझे आहेत."

"तुला प्रत्येक ठिकाणी पैसेच कसे दिसतात गं?"

हे वाक्य मी बोलले. ते तिला लागेल हे मला बोलता बोलताच कळलं होतं, तरी मी थांबले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ज्यांना दिसत नाहीत त्यांच्याकडे असतात, केतकी. म्हणून दिसत नाहीत." ट्रंक उचलून ती रिक्षात बसली. तास तिनं विकले नाहीत. मला फोनही केला नाही. मी दोनदा मेसेज टाइप केला आणि दोनदा पुसला.

त्यानंतर दीड वर्षानं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, पठारावरून सहज म्हणून मी तो पूल उघडला. दीड वर्षात त्यात एकही व्यवहार झालेला नव्हता. आणि त्याच सकाळी, अकरा वाजून काही मिनिटांनी, कुणीतरी दहा तास विकले होते. शेवटची चार अक्षरं निशीच्या वॉलेटची होती.

मी हिशेब मांडला. दहा तासांचे तिला चार पूर्णांक शहाऐंशी शतांश डॉलर मिळाले, म्हणजे चारशे रुपये. त्यातली हजाराला तीन फी पूलमध्ये, म्हणजे माझ्याकडे. शिवाय नेटवर्क चालवणाऱ्यांना द्यायचं भाडं वेगळं, त्याला गॅस म्हणतात. ते रकमेवर नसतं, प्रत्येक व्यवहारामागे असतं. दहा विका नाहीतर तीनशे, भाडं तेच. निशीसारखी हिशेबी मुलगी विकायला बसली असती तर तिनं एकदाच विकले असते. मग दहाच का? रविवारीच का? अकरालाच का?

मला एकच उत्तर दिसलं. ती प्रयोग मोडत नव्हती, मोडायचा नाही असं सांगत होती. दार उघडून आत न येता कडी वाजवत होती.

मी नवं वॉलेट काढलं, कारण जुन्यात पूलचा हिस्सा होता आणि त्याला मला हात लावायचा नव्हता. चार पूर्णांक एकोणनव्वद डॉलर टाकून मी ते दहा तास परत विकत घेतले. भाव पुन्हा पन्नासवर आला.

पुढच्या रविवारी अकरा वाजून नऊ मिनिटांनी पुन्हा दहा विकले गेले.

मी पुन्हा घेतले.

असं वीस रविवार चाललं. फोन करावासा वाटायचा, पण फोनवर बोलावं लागतं, आणि बोलायला लागलो की आम्ही कुठं पोचतो हे मी एकदा बघितलं होतं. यात चूक व्हायला जागा नव्हती. ती दहा म्हणायची, मी दहा म्हणायचे. सोमवार ते शनिवार मी वाऱ्याचे आकडे तपासायचे, डाळ शिजवायचे, संध्याकाळी मनोऱ्याच्या ताणतारांचा आवाज ऐकत पडून राहायचे. रविवारी अंघोळ करून, केस विंचरून कातळावर जायचे. मामांनी ते एकदा टिपलं. "बाजाराला नटून चाललाय जनू," म्हणाले. मी हसले, पण वेणी सोडली नाही.

*

फेब्रुवारीत डेटा नोंदवणारं एक यंत्र बिघडलं आणि ते दुरुस्तीला सांगलीला न्यायचं निघालं. कुरिअरनं पाठवता आलं असतं. मी स्वतः घेऊन गेले.

निशी सांगलीत एका अभ्यासिकेत असते आणि संध्याकाळी क्लासवर शिकवते, एवढं एका वर्गमित्राकडून कळलं होतं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर ती अभ्यासिका होती. मंगळवारची दुपार. खालून फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"केतके?" आवाज दबका, आतून बोलत असावी. "कुठायस?"

"खाली. जिन्यापाशी."

ती चपला अर्धवट घालून जिना उतरली. वाळली होती. चष्मा नवीन होता. एक क्षण दोघींनाही हात कुठं ठेवावेत कळेना. मग तिनं माझ्या खांद्यावर चापट मारली. "काय अवतार झालाय तुझा! उन्हात उभी असतीस का दिवसभर?"

"पठारावर असते. वारा मोजते."

"वारा मोजायला पगार देतात?"

"देतात की."

"भारीच. चल, चहा पी. वीस मिनिटं आहेत मला, परत जागा जाते नाहीतर."

कोपऱ्यावरच्या टपरीपाशी बाकडं होतं. मी मनात वाक्य जुळवून आणलं होतं: त्या दिवशी फाटकाशी मी बोलले ते चुकलं, आणि रविवारचं सगळं मला कळत होतं. दुसऱ्या भागापासून सुरुवात करणं सोपं वाटलं.

"रविवारचं..." मी म्हणाले.

"कसलं रविवारचं?"

"तास. विकतीयस ना तू?"

तिचा चेहरा लगेच आवळला. कप खाली ठेवला. "हे बोलायला आलीस?"

"नाही, नाही. तसं नाही."

"तुझा प्रयोग काही मोडला नाही मी. दहा-दहाच विकते. बघ जाऊन, भाव पन्नासवरच आहे."

"माहीत आहे. म्हणूनच म्हटलं... दहाच का?"

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मी भांडायला आले नाही याची खात्री करून घेत असावी. मग तिचे खांदे सैल झाले आणि कान लाल व्हायला लागले.

"अगं, ऐक, गंमत आहे! ऑक्टोबरमध्ये इथली फी भरायला चारशे कमी पडत होते. म्हटलं, दहा विकू. विकले. भाव पडला अठ्ठेचाळीसच्या खाली, पडणारच. पुढच्या आठवड्यात परत नड आली म्हणून उघडलं तर भाव परत पन्नास! मला वाटलं माझीच चूक झाली. परत दहा विकले. परत पडला. तिसऱ्या रविवारी परत पन्नास! कुणीतरी बॉट लावलाय त्या पूलवर, आपोआप चालणारा. भाव खाली गेला की उचलून जागेवर ठेवतो. दीड वर्षं तिथं कुत्रं फिरकलं नव्हतं, आणि हा कुठून आला देव जाणे."

"बॉट," मी म्हणाले.

"मग काय तर. बरोबर दहा घेतो, तासाभराच्या आत. माणसाला एवढी शिस्त असते का?" ती हसली. "मग हिशेब केला मी. एकदम तीनशे विकले असते तर पंच्याऐंशी डॉलर. दहा-दहा करून, मध्ये तो भाव वर आणतोय तोवर, एकशे पंचेचाळीस! गॅस तीसदा भरूनसुद्धा. तू समीकरण मांड, किती सुंदर आहे बघ. सिलिंडर मी दाबायचा आणि परत कुणीतरी सोडायचा."

ते समीकरण मी वीस आठवडे रोज मांडत होते. त्यात तिचा हात घेतला होता, फी घेतली होती, गॅस घेतला होता. माझा स्वतःचा हात घ्यायला विसरले होते. मी विकत घेत होते म्हणूनच दहा-दहा विकणं शहाणपणाचं होतं. पहिल्या रविवारी मी गप्प बसले असते, तर दुसरा रविवार आलाच नसता.

"आणि अकरा वाजता का गं?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"रविवारी सकाळी गॅस सगळ्यात स्वस्त असतो की. अमेरिका झोपलेली असते. एरवी संध्याकाळी वीस-बावीस रुपये जातात, रविवारी अकराला चार." तिनं भुवया उडवल्या. "काय मॅडम, एवढं माहीत नाही? पूल कुणाचा आहे?"

चहावाल्यानं ग्लास धुवायला घेतले. मी चहा संपवला. तो बराच आधी गार झाला होता.

"बॉट नसला तर?" मी म्हणाले. "समजा, माणूस असला."

"कोण माणूस?"

"असाच कुणीतरी. आपल्या वर्गातला."

निशीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. "मग बंद करीन. त्याच दिवशी." ती म्हणाली. "आणि जेवढे घेतले तेवढे परत करीन, जमतील तसे. यंत्राकडून घेतलेलं वेगळं असतं. त्याला माझ्याविषयी काही वाटत नसतं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "असलं काही बोलू नकोस बाई. अजून दहा रविवार आहेत माझे. एप्रिलच्या शेवटी परीक्षा. बरोबर पुरतंय बघ, देवानं मोजून दिल्यासारखं. तेवढे होऊ देत."

मी जुळवून आणलेल्या वाक्यातला दुसरा भाग असा संपला. पहिला उरला होता.

"निशी, त्या दिवशी फाटकाशी..."

"सोड गं." तिनं घड्याळ बघितलं. "मीपण बोलले. जागा जाईल माझी. फोन कर की कधी."

"तिथं रेंज नसते. रविवारी सकाळी तेवढी, एका दगडावर."

"मग मीच करते रविवारी."

जिना चढताना तिनं वळून हात केला. माझ्या पाठीवरच्या पिशवीत बिघडलेलं यंत्र होतं. ते दुरुस्तीला टाकायला विसरून मी स्टँडवर गेले होते. साताऱ्याच्या गाडीत बसता बसता आठवलं आणि परत फिरले.

*

पुढच्या रविवारी अकरा वाजून अकरा मिनिटांनी दहा तास विकले गेले. मी घेतले. फोन आला नाही.

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी टॉवरच बंद पडला. कातळावर सगळ्या बाजूंनी फिरले, मोबाइल डोक्यावर धरला, काही नाही. साडेअकरा झाले. मी मामांकडे गेले.

"मामा, मोटरसायकल आहे ना? मला खाली गावापर्यंत सोडाल?"

"कुनी आजारी हाय का?"

"नाही. बाजार आहे."

"उद्या करा की. बंद होत न्हाई म्हनला होता न्हवं?"

"टॉवर कधी सुरू होईल कुणास ठाऊक. मी घेतलं नाही तर पुढच्या रविवारी समोरच्याला कमी मिळतील."

"किती कमी?"

मी मनात आकडा काढला. चारशेच्या जागी तीनशे एक्क्याऐंशी. "वीस रुपये, साधारण."

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "इस रुपये. मॅडम, नऊ किलोमीटर घाट हाय. शंभराचं पेट्रोल जाईल."

"ते मी देते."

"आवो, द्यायचं न्हाई म्हनत. मी विचारतो, हा धंदा कसला म्हनायचा?"

तरी त्यांनी गाडी काढली. खाली ग्रामपंचायतीच्या पारावर बसून मी दहा तास घेतले. मामा शेजारी उकिडवे बसून मोबाइलकडे बघत होते. "समोरच्याला म्हाईत हाय का, तुम्ही घेता ते?"

"नाही."

"सांगत का न्हाई?"

"सांगितलं तर यायचं बंद करेल."

मामांनी यावर मान हलवली. त्यानंतर कधी बाजारावरून माझी थट्टा केली नाही.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिचे शेवटचे दहा विकले गेले. तिचं वॉलेट उघडून मी बघितलं. शिल्लक शून्य. माझ्या नव्या वॉलेटमध्ये तीनशे तास जमले होते. तीस आठवड्यांची फी मोजली, तेव्हा पूलमध्ये पंचाहत्तर रुपयांची भर पडली होती. त्यातली निम्मी माझीच होती.

त्यापुढच्या रविवारी जायचं कारण नव्हतं. तरी गेले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. भाव पन्नासवर होता आणि तिथंच राहणार होता. मामा म्हैस घेऊन पलीकडच्या उतारावर गेले होते. मी उठायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली.

"केतके! अगं, रेंज आहे का?"

"आहे. बोल की."

"परीक्षा झाली परवा. पेपर बरा गेला. जरा जास्तच बरा गेला, बोलत नाही फार. दहा आठवडे फोन केला नाही म्हणून चिडलीस?"

"नाही."

"ठरवूनच केला नाही. तुझ्याशी बोलायला बसले की दुपार जाते माझी." ती हसली. मग म्हणाली, "ए, तास संपले माझे. तरी आत्ता सवयीनं उघडून बघितलं. तो असेल का गं अजून तिथं? तो बॉट?"

"असेल."

"बिचारा. मी दाबणार, तो सोडणार, एवढंच काम होतं त्याचं. आता काय करत असेल?"

"कुणास ठाऊक" म्हणायला गेले, ते अर्ध्यातच राहिलं.

"हॅलो? केतके? आवाज तुटतोय तुझा."

"वारा आहे," मी म्हणाले. "इथं वारा फार आहे गं."

"थांब मग, जोरात बोलते मी. ऐक, क्लासमध्ये काय झालं..." आणि ती सांगत सुटली. क्लासमधल्या कुणा पोराचं, झेरॉक्सवाल्याच्या भांडणाचं, तासगावच्या घराच्या नवीन पत्र्याचं. मी कातळावर बसले, जागचं हलायचं नाही म्हणून पाय पोटाशी घेतले, आणि ऐकत राहिले. बावीस मिनिटं.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी दिवसाच्या नोंदी उतरवून घेतल्या. अकरा ते बारा, दहा मीटर उंचीवर, सरासरी वेग सेकंदाला शून्य पूर्णांक सात मीटर. एवढ्यात गवतही हलत नाही.